बाई, तुम्ही चाचांचा प्रश्न आधी चाचांनाच दाखवलात

आदरणीय बाई,

सलाम.

हे पत्र तुमच्या हातात देऊन गप्प बसता आलं असतं. पण मी चुकलो ते गल्लीत, लोकांदेखत. मग आभार तेवढे गुपचूप मानणं बरं दिसत नाही. तुम्ही आमच्या संडे स्कूलच्या बाई, एवढंच लिहितो. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. ओळखणारे ओळखतील.

परवा रमजान ईदला साडेदहाच्या सुमाराला आमच्या दाराची कडी वाजली. बाहेर शेजारच्या चाचांची धाकटी नात. दोन्ही हातांत स्टीलचा डबा, शीरखुर्मा सांडू नये म्हणून जीभ दातांत धरलेली. "दादाजींनी पाठवलंय. दादी म्हनली डबा लगेच आन." गेल्या ईदला हा डबा आला नव्हता. नाताळात आईच्या करंज्याही चाचांकडे गेल्या नव्हत्या, कारण ताट घेऊन त्यांच्या दारात उभं राहायची माझी छाती झाली नाही. आईनं डबा रिकामा केला, धुतला, रिकामा कसा परत द्यायचा म्हणून त्यात साखर घातली, आणि पोरगी गेल्यावर मोरीपाशी पाठ करून बराच वेळ उभी राहिली. मी काही विचारलं नाही.

मिरजेत आमची आणि त्यांची भिंत एक. माझ्या जन्माआधीपासूनची. चाचांच्या घरात सतारी, तंबोरे होतात. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भजनाला जो तंबोरा आहे तो त्यांनीच बनवून दिलेला, आणि त्याच्या भोपळ्याला तडा गेला तेव्हा पैसे न घेता दुरुस्त करून दिलेला. अण्णा, माझे वडील, शेवटच्या आजारात दवाखान्यात होते तेव्हा रात्रीची पाळी मी आणि चाचा वाटून घ्यायचो. तर अशा माणसाला मी दुखावलं.

चाचांना प्रश्न विचारायची सवय. सतारीच्या घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, कानस फिरवत जवारी काढायची, सूर घुमायला लावायचा आणि मधेच मान वर करून विचारायचं, "काय रे, तुमचा देव एक का तीन?" आधी मी संडे स्कूलमध्ये ऐकलेलं सांगायचो. अंड्यात कवच, पांढरं, पिवळं, तरी अंडं एकच. चाचा म्हणाले, "बेटा, अंडं फुटतंय की. तुझा देव फुटतोय व्हय?" मग मी पाणी, बर्फ, वाफ काढलं. "एकाच टायमाला तिन्ही असतंय का ते?" नसतं. मी लॅबमध्ये काम करणारा माणूस, मला ते त्यांच्याआधी सुचायला हवं होतं.

मग मी मदत शोधत फिरलो. आता थोडं कडू लिहितो, माफ करा. एका पाळकसाहेबांनी, म्हणजे पाद्रींनी, खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "विश्वास ठेव, वादात पडू नकोस." मी वादात पडलोच नव्हतो, मला प्रश्न पडला होता. दुसऱ्यांनी विचारलं की एवढ्या शंका येतात तर प्रार्थना नियमित चालू आहे ना. आणि तिसऱ्यांनी मला दुसऱ्या गावच्या दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. तिथं चाळीस प्रश्नांची चाळीस उत्तरं छापून दिली. शिकवणारा तरुण फार जोशात होता. प्रत्येक उत्तराच्या शेवटी म्हणायचा, "इथं समोरचा गप्प होतो." आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. त्या हॉलमध्ये एकही समोरचा नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

गावी परत आलो. चाचांनी वधस्तंभाबद्दल काहीतरी विचारलं आणि मी चाळिसांतलं एकतिसावं उत्तर काढलं. त्यात त्यांच्या पैगंबरांबद्दल जे होतं ते मी मोठ्यानं, दारात चार गिऱ्हाइकं उभी असताना बोललो. ते इथं लिहीत नाही. चाचांनी कानस खाली ठेवली. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझा बाप असं कधी बोलला न्हाई." समोरचा गप्प झाला होता, शिबिरात सांगितल्याप्रमाणे.

जवळजवळ वर्ष गेलं. जानेवारीत तुमच्याकडे आलो ते खरं तर आईनं ढकललं म्हणून. सगळं सांगितलं, छापील कागद पुढे ठेवले. तुम्ही ते चाळले, उलटे केले आणि म्हणालात, "पाठकोरे आहेत. किराणाच्या यादीला होतील." मग विचारलंत, "चाचांचा प्रश्न नेमका काय होता?"

बाई, मला आठवेना. माझं उत्तर शब्दन्‌शब्द पाठ होतं, प्रश्न आठवत नव्हता.

तुम्ही रागावला नाहीत. चष्मा पुसलात, वही आणि पेन पिशवीत टाकलंत, म्हणालात, "मग त्यांनाच विचारू या." गुडघे दुखत असताना आमच्या गल्लीतून चालत आलात. चाचा जवारी काढत होते. तुम्ही "सलाम" म्हणालात, त्यांनी सवयीनं पूर्ण सलाम फिरवला, आणि तुम्ही उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसून त्यांचं काम हातावेगळं होईपर्यंत थांबलात. मी मागे उभा. मला माफी मागायला तुम्ही सांगितलं नव्हतं. तुम्ही थांबला होता ना, त्या पाच-सात मिनिटांत ती माझी मीच मागितली. चाचांनी मान हलवली, बघितलं मात्र नाही.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. त्यांनी प्रश्न सांगितला, तुम्ही तो वहीत लिहून घेतलात, आणि उत्तर द्यायच्या ऐवजी वही उलटी करून त्यांच्यापुढे धरलीत. "मी बरोबर लिहिलंय का बघा. तुम्हाला हेच म्हणायचंय ना?"

चाचांनी कानामागची पेन्सिल काढली. तुम्ही लिहिलं होतं, 'येशू वधस्तंभावर मेला हे मुसलमानांना मान्य नाही.' त्यांनी 'येशू' खोडून 'हजरत ईसा' केलं, ते ठीक. पण मग पुढचं सगळंच खोडलं. वेळ घेऊन, मोडक्या मराठी अक्षरात लिहिलं, 'अल्ला आपल्या एवढ्या मोठ्या पैगंबराला दुश्मनाच्या हातानं असं उघडं, बेइज्जत मरू देईल, हे आमच्या मनाला पटत नाही.' तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि हसलात. "चाचा, आता प्रश्न जास्त अवघड झाला." ते पण हसले. वर्षभरात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

ती खोडलेली ओळ मी अजून बघतो. चाळीस उत्तरं लिहिणाऱ्यानं एकदा तरी कुणाला वही दाखवली होती का? माझ्यासारख्यानं तरी? परत येताना तुम्ही म्हणालात, "तो आपल्या येशूचा अपमान करत नाही रे, त्याची अब्रू वाचवतोय. हे आधी कबूल कर, मग बोल." कुरआनच्या चौथ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, लोकांनी ईसाला मारलं नाही, सुळावर दिलं नाही असं येतं, हे मला शिबिरात सांगितलं होतं, खोडून काढायचं वाक्य म्हणून. त्यामागे प्रेम असू शकतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तुम्ही उत्तर दिलंत, तेही वादासारखं नाही. म्हणालात, "चाचा, तुमच्यासारखंच आमच्या पेत्राला वाटलं होतं." बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकाचा सोळावा अध्याय. येशू म्हणतो मला दुःख सोसून मरावं लागेल, आणि पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो, हे तुझ्या बाबतीत कधीच होणार नाही. आमच्या पुस्तकात सगळ्यात आधी हा प्रश्न विचारला तो येशूच्या जवळच्या शिष्यानं, आणि त्याला बोलणी बसली. देवाची इज्जत कशात आहे, यावरच तुमचा आमचा फरक आहे, असं तुम्ही म्हणालात. आम्हाला ती वधस्तंभावर दिसते. चाचा म्हणाले, "समजलं. पटलं न्हाई." तुम्ही म्हणालात, "समजलं ना? बास."

देवाला मुलगा कसा, या प्रश्नाला तर तुम्ही आधी त्यांच्याच बाजूनं बोललात. देवानं बायको केली आणि त्याला मूल झालं असं कुणी म्हणत असेल तर आमच्या मते पण ते पापच. मग बगदादची गोष्ट सांगितलीत. ७८१ च्या सुमाराला खलिफा अल-महदीनं पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळीचे प्रमुख धर्मगुरू तीमथ्य यांना दोन दिवस प्रश्न विचारले, आणि सुरुवातच अशी की तुझ्यासारखा शहाणा माणूस देवाला बायको आणि पोर चिकटवतो कसा? तीमथ्य म्हणाले, असली निंदा कोण करतं? चाचा खूश. "म्हंजे माझा सवाल खलिफाचा हाय." खलिफानं मुहंमद पैगंबरांबद्दल विचारल्यावर, पैगंबरांनी लोकांना एका देवाकडे वळवलं याबद्दल तीमथ्य आदरानं बोलले आणि तरी आपला विश्वास सोडला नाही, हेही तुम्ही सांगितलंत. ते ऐकताना मी जमिनीकडे बघत होतो.

घरी जाताना दुसरी गोष्ट सांगितलीत, फक्त मला. १३२१ साल, आपलंच ठाणं. चार फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती साधू. काजीनं पैगंबरांबद्दल विचारलं, तोलेंतिनोच्या थॉमसनं शिव्याशापाचं उत्तर दिलं, आणि चौघांचे जीव गेले. "त्यांच्या धैर्यापुढे मी कोण? पण ते उत्तर देताना त्यांना समोरच्याला काही सांगायचं होतं का, असं मला कायम वाटतं." मी शाळेपासून ठाण्याला मावशीकडे जातोय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच याचं, तुम्ही सोपं केलं नाहीत, याबद्दलही आभार. उपमा देऊच नकोस, म्हणालात. सगळ्या फुटतात. हे सांग की ते शिष्य यहूदी होते, 'हे इस्राएला, ऐक, परमेश्वर एकच' हे म्हणत वाढलेले, आणि येशूला विचारलं तेव्हा त्यानंही पहिली आज्ञा तीच सांगितली. असल्या माणसांना येशूपुढे गुडघे टेकावेसे वाटले आणि तरी देव एकच हे सोडवेना, तेव्हा त्यांची जी पंचाईत झाली तिचं नाव त्रैक्य. आणि तुला ते नीट समजत नसेल तर समजत नाही म्हण. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरही त्या याच मुद्द्यावर तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून भांडत होत्या. पुढे त्याच बाईनं अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. शंका आली म्हणून प्रार्थना कमी पडली असं त्यांना कुणी म्हणालं असेल का? असेलही. अशी माणसं सगळ्या काळात असतात.

'शब्दा'वरून तर मी पुन्हा घसरणारच होतो. कुरआन ईसाला अल्लाचा कलिमा, म्हणजे शब्द, म्हणतं, आणि योहान 'प्रारंभी शब्द होता' म्हणतो, म्हणजे सापडलं की! तुम्ही डोळे मोठे केलेत. "त्यांच्या किताबातलं वाक्य उचलून त्यांनाच अडकवायचं नाही. ते त्याचा अर्थ काय लावतात ते विचार." विचारलं. चाचा म्हणाले, अल्लानं 'हो', म्हणजे 'होऊन जा', म्हटलं आणि ईसा झाले, जसे आदम झाले. त्यानंतर तुम्ही जे बोललात ते मला कुठल्याच पाळकानं सांगितलं नव्हतं. आपण कुरआनपुढे बायबल ठेवतो, तिथंच गल्लत होते. त्यांच्याकडे देवाचं बोलणं उतरलं ते किताबाच्या रूपात. आपल्याकडे ते माणसाच्या रूपात, आणि मत्तय, मार्क, लूक, योहान हे त्याचे साक्षीदार. म्हणून शुभवर्तमानं चार. चाचा बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हनून तुम्ही किताब खाली ठेवताय." माझ्या हातातलं बायबल खरंच स्टुलाखाली, चपलांच्या शेजारी होतं. मी उचललं. ते त्यांच्या वाद्यांच्या फळीवर गेलं आणि तेव्हापासून तिथंच असतं, रुमालात.

आपली किताब लोकांनी मागाहून बदलली का, या चाचांच्या प्रश्नावर मला वाटलं आता तरी तुम्ही ठोकून द्याल. तुम्ही काय केलंत? मार्कच्या शेवटच्या बारा ओवी आणि योहानातली व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे तुम्हीच आधी सांगून टाकलंत. मला घाम फुटला. मग म्हणालात की हे आम्हाला कुणी शत्रूनं दाखवलं नाही, आमच्याच लोकांनी जुन्या प्रती शेजारी शेजारी ठेवून शोधलं. आणि १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाची गुंडाळी सापडली, येशूच्याही आधीची. तोवर हाताशी असलेल्या हिब्रू प्रतीपेक्षा हजारेक वर्षांनी जुनी. शब्द, अक्षरं इकडची तिकडं बरीच, पण पुस्तक तेच. चाचांनी फक्त विचारलं, "कातड्यावर लिहिलेलं का?" हो. मग कातडं कुठलं, कमावलेलं कसं, यावर अर्धा तास गेला आणि तहरीफ, म्हणजे किताब बदलल्याची तक्रार, राहून गेली.

बाई, त्या शिबिरवाल्यांना मी वाईट म्हणत नाही. म्हणजे म्हणतो थोडं. पण जास्त राग मला त्या टाळ्यांचा येतो, त्यांत माझ्या पण होत्या. पेत्राच्या पत्रात उत्तर द्यायला तयार राहा असं आहे, ते त्यांनी पडद्यावर मोठ्या अक्षरात लावलं होतं. पुढचं अर्धं वाक्य, ते सौम्यतेनं द्या, हे पडद्यावर मावलं नसावं.

चाचा मुसलमान आहेत, मी ख्रिस्ती आहे, यात काडीचा फरक पडलेला नाही. नमाजाच्या वेळी ते उठतात, मी दुकान बघतो. मागच्या आठवड्यात भजनाचा तंबोरा तारा बदलायला नेला तर म्हणाले, "तुझ्या अण्णाच्या हाताची सवय हाय त्याला, हळू लाव."

वही आता माझ्याकडे असते. प्रश्न मी लिहीत नाही, चाचाच लिहितात. नवा आहे बायबलातली पत्रं लिहिणाऱ्या पौलाबद्दल. ईसाला कधी डोळ्यांनी न बघितलेला माणूस तुमच्यात एवढा मोठा कसा झाला, असा. खाली कंसात लिहिलंय, 'बाईंना विचार. घाई नाही.'

रविवारी उपासना सुटली की येतो. शीरखुर्मा फ्रीजमध्ये ठेवलाय, तो पण आणतो. वाटीभरच मिळेल, हट्ट करू नका. तुमचा परवाचा शुगरचा रिपोर्ट मीच काढलाय.

तुमचा,
संडे स्कूलमध्ये शेवटच्या बाकावर बसणारा