दुसऱ्या खुर्चीचे काय?

प्रति,
माननीय प्रशासक,
सेंटर्स फॉर मेडिकेअर अँड मेडिकेड सर्व्हिसेस, बाल्टिमोर

विषय : वजन कमी करण्याच्या समुपदेशनात घरच्या माणसालाही जागा मिळण्याबाबत

महोदय,

मी आहारतज्ज्ञ आहे. मूळची साताऱ्याची, गेली अठरा वर्षे फिलाडेल्फियात. दर गुरुवारी पश्चिम फिलाडेल्फियातल्या एका चर्चच्या तळघरात वजन कमी करू पाहणाऱ्यांचा गट घेते. येणारे जवळपास सगळे कृष्णवर्णीय, त्यातही साठी ओलांडलेल्या बायका जास्त. हे पत्र आपल्या कार्यालयाला इंग्रजीत गेलेच आहे. मराठीत लिहिते ते आमच्या माणसांसाठी. इथल्या दवाखान्यांत मराठी डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि "या लोकांना सांगून काही उपयोग नाही, खातातच तसे" हे वाक्य मी गणपतीच्या जेवणात, पानावर तिसरा मोदक वाढून घेणाऱ्याच्या तोंडून ऐकले आहे.

माझ्या गटातल्या एका आजींची गोष्ट सांगते. वय ७१, रक्तदाब, गुडघे गेलेले. मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, लठ्ठपणाच्या समुपदेशनासाठी त्या एका दवाखान्यात जात. पंधरा मिनिटांची भेट. तळलेले कमी करा, मीठ कमी करा, चाला. आजी मान डोलवत. मला मात्र म्हणाल्या, "बेबी, मी चुलीपाशी उभी राहून तीन वर्षं झाली. आता मुलगी करते, मी जेवते." पुढच्या भेटीला त्यांनी मुलीला बरोबर नेले, तर तिला बाहेर बसायला सांगितले. भेट आजींच्या नावावर होती. म्हणजे जिच्या हातात पळी, ती बाहेरच्या बाकावर, आणि सल्ला मिळाला तो जिच्या हातात नुसता काटा-चमचा तिला.

आजींच्या घरी रविवारी चर्च सुटल्यावर बारा-चौदा माणसे जेवतात. मॅकरोनी अँड चीज, कॉर्नब्रेड, आणि धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाबरोबर तास-दीड तास शिजवलेली कोलार्डची पालेभाजी. ते मांस काढून टाका म्हणणे म्हणजे माझ्या आईला फोडणी बंद कर म्हणणे. गटात आल्यावर मुलीने त्याऐवजी धुरी दिलेली टर्की घालून पाहिली. दोन रविवार भावाने तोंड वाकडे केले, तिसऱ्या रविवारी कुणाच्या लक्षातही आले नाही. हा बदल आजींना एकट्याने कधी करता आला असता, सांगा. त्या मुलीचे वय ४४, वजन आईपेक्षा जास्त, आणि तिला आजवर याबद्दल कुणी विचारलेलेच नव्हते.

आता आपल्या नियमांकडे येते. २०११च्या नोव्हेंबरपासून मेडिकेअर हे समुपदेशन फुकट देते, हे चांगलेच आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३० किंवा जास्त हवा. वर्षाला कमाल २२ भेटी. पण ते प्राथमिक उपचाराच्या दवाखान्यातच, तिथल्याच डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः उपचार करू शकणाऱ्या परिचारिका) यांच्यासारख्यांच्या हातून किंवा देखरेखीखाली व्हायला हवे. माझ्यासारख्या आहारतज्ज्ञाला स्वतःच्या नावाने बिल लावता येत नाही आणि चर्चचे तळघर तर यादीतच नाही. शिवाय सहा महिन्यांत तीन किलो उतरले नाहीत, तर पुढच्या भेटी थांबतात आणि आणखी सहा महिन्यांनी "तुमची तयारी आहे का" हे नव्याने तपासले जाते.

या तीन किलोंवर मला थोडे थांबायचे आहे. २००२ साली डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम या मधुमेह टाळण्याच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. एकूण ३,२३४ माणसे; त्यातल्या ज्या गटाला सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचालीचे ध्येय दिले, त्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी. त्याच अभ्यासात कृष्णवर्णीय स्त्रियांचे वजन इतर गटांपेक्षा कमी उतरले. पण मधुमेह टळण्याचा फायदा वंशागणिक वेगळा दिसला नाही. म्हणजे शरीराला फायदा होत होता, फक्त काटा कमी हलत होता. आपला नियम मात्र काट्याकडेच पाहतो, आणि ज्या गटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया लठ्ठपणाच्या व्याख्येत बसतात (२०१७-२०च्या सरकारी पाहणीत ५७.९ टक्के), त्यांनाच आधी दारातून परत पाठवतो.

"कुटुंबाला आणले की वजन उतरते" असे मी म्हणणार नाही. कारण आमच्याच शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, डॉ. शिरिकी कुमन्यिका आणि सहकाऱ्यांनी हे दोन वर्षे तपासून पाहिले. निष्कर्ष २००९ साली आले. त्यात १३० कृष्णवर्णीय सहभागी घरच्यांना किंवा मित्रमैत्रिणींना घेऊन आले होते, ६३ एकटे. अशा सोबत आणलेल्या जोडीदाराला मुद्दाम कार्यक्रमात गुंतवल्याने सरासरी वजनात फरक पडला नाही. हे वाचून पुष्कळांनी विषय मिटवला. पण ज्यांचा जोडीदार स्वतः जास्त वेळा सत्रांना आला आणि ज्याचे स्वतःचे वजन उतरले, त्यांचे वजन जास्त उतरले होते. कोणामुळे कोणाचे, हे त्यावरून ठरत नाही, हे मान्य. तरी तळघरात मी जे पाहते त्याच्याशी ते जुळते. नवऱ्याला सोबत म्हणून आणले की तो मागच्या रांगेत फोन पाहत बसतो. त्यालाच काट्यावर उभे केले, त्याच्याही हातात वही दिली, की घरातल्या सोड्याच्या बाटल्या कोण आणते यावर मग दोघांचे खरे भांडण होते. मला ते भांडण हवे आहे.

म्हणून माझी मागणी सोबत्याला बसू देण्याची नाही, त्यालाही सहभागी म्हणून मोजण्याची आहे. जो सभासद नाही त्याचा खर्च मेडिकेअर कसा करणार, हा आक्षेप मला माहीत आहे. पण २०२४च्या जानेवारीपासून रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांना शिकवण्याचे पैसे आपण देऊ लागलातच. दार किलकिले आहे. पुढचे काम आपल्या इनोव्हेशन सेंटरचे, म्हणजे नव्या पद्धती आधी करून पाहणाऱ्या विभागाचे. २०१८ साली सुरू झालेला मेडिकेअर डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रामही तिथूनच आला. आई मेडिकेअरवर आणि मुलगी मेडिकेडवर (कमी उत्पन्नाच्या लोकांच्या सरकारी विम्यावर) अशी घरे आमच्या भागात ढिगाने आहेत. दोन्ही योजना आपल्याच अखत्यारीत येतात. अशा जोड्यांचा एक प्रयोग चर्चमध्ये, केशकर्तनालयांत, ग्रंथालयांत करून पाहा. मोजायचे असेल तर वजनाबरोबर रक्तदाब आणि साखरही मोजा, आणि तीन किलोंची अट तेवढ्यापुरती बाजूला ठेवा.

नियम माणसांप्रमाणे वाकतात, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. त्याच मधुमेहाच्या कार्यक्रमात बीएमआयची अट २५ आहे, पण आम्हा आशियाईंसाठी ती २३ केलेली आहे. आमच्या शरीरांना कमी वजनावरच मधुमेह गाठतो, हे आपल्या खात्याने मानले. तेव्हा "आधी मनाची तयारी दाखवा" असे आम्हाला कुणी म्हटले नाही.

गट गुरुवारी सहाला भरतो. पार्किंग मिळत नाही, तेव्हा एल गाडीने ५२व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरावे. आपण आलात तर घरात स्वयंपाक जे कोणी करते, त्यांनाही घेऊन या. खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात. ज्याने त्याने आपली मांडून घ्यायची.

आपली,
पश्चिम फिलाडेल्फियातली एक आहारतज्ज्ञ