फॉरमॅट मारण्याआधी प्लग-इन तपासा

महोदय,

गणपती महिना-दीड महिन्यावर आले की कळवा-दिव्यापासून ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, पनवेलपर्यंतच्या छोट्या स्टुडिओंत कामाची झुंबड उडते. मंडळांची गाणी, ढोल-ताशाचे ट्रॅक, आगरी-कोळी गीते आणि मध्येच कुणाच्या तरी हळदीचे गाणे. नेमके याच दिवसांत मिक्स अर्ध्यावर असताना रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर धाडकन बंद पडते, म्हणजे क्रॅश होते. मग संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावणे जाते. तो 'फॉरमॅट मारू, रॅम वाढवू' म्हणतो. दोन दिवस त्यात जातात आणि जुनेच प्लग-इन, म्हणजे त्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, पुन्हा टाकले की जुनेच रडगाणे सुरू. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बिघाड कुठे आहे हे संगणकाने स्वतःच लिहून ठेवलेले असते, ते कुणी उघडून वाचत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

क्यूबेस, लॉजिक, एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, रीपर, बिटविग ही रेकॉर्डिंग-मिक्सिंगची मूळ सॉफ्टवेअर. रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारे), कंप्रेसर (आवाजाचा चढ-उतार आवरणारे), सिंथ, ढोलकीचे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारी वाद्ये ही प्लग-इन, बरीचशी बाहेरच्या कंपन्यांची. ती जोडता यावीत म्हणून क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गने १९९६ मध्ये व्हीएसटी ही जोडणीची पद्धत आणली. सोय मोठी झाली, पण मेख अशी की प्लग-इन सहसा मूळ सॉफ्टवेअरच्याच प्रोसेसमध्ये, त्याच्याच मेमरीत चालते. चाळीतल्या दहा खोल्या एकाच मीटरवर असाव्यात तसे. एका खोलीतल्या बिघडलेल्या इस्त्रीने फ्यूज उडवला की दहाही खोल्या अंधारात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटते सगळे वायरिंगच गेले.

आधी दुखणे नीट ओळखावे. आवाज तडतडतो, अडखळतो, पण सॉफ्टवेअर चालू राहते, तर तो क्रॅश नव्हे. प्रोसेसरला वेळ पुरत नाही एवढेच. बफर म्हणजे संगणक एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (आवाजाची मोजमापे) असताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे दर २.७ मिलिसेकंदांत सगळ्या ट्रॅकचे गणित पुरे करायचे. गायक माइकसमोर उभा असताना बफर लहानच हवा, नाहीतर हेडफोनमध्ये त्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. रेकॉर्डिंग संपले की तो १०२४ वर न्यावा, २१ मिलिसेकंद मिळतात. हे एवढे न केल्यामुळे नवा संगणक घेणारे लोक आहेत. गाणे थांबल्यावर, रिव्हर्बची शेपटी विरत असतानाच सीपीयूचा (प्रोसेसरवरच्या भाराचा) काटा वर चढत असेल, तर कारण वेगळे: शून्याच्या अगदी जवळच्या 'डीनॉर्मल' संख्या ते प्लग-इन नीट हाताळत नाही. नवी आवृत्ती टाकावी. ती नसेल तर त्या ट्रॅकवर ऐकू न येण्याइतका हलका नॉइज सोडला तरी काटा खाली येतो.

आता खरा क्रॅश. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकाची नोंदवही, उघडावा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशनवर जावे आणि सॉफ्टवेअर बंद पडले त्या मिनिटाची, लाल खुणेची, १००० क्रमांकाची नोंद शोधावी. पहिल्याच ओळीत 'फॉल्टिंग ॲप्लिकेशन नेम' म्हणून क्यूबेसचे किंवा एफएलचे नाव दिसते आणि माणूस तिथेच थांबतो. थांबू नये. त्याखाली 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' असते. कामाचे नाव ते. तिथे एखाद्या प्लग-इनच्या फाइलचे नाव असेल तर चोर सापडला. 'एनटीडीएलएल' दिसले तर ती विंडोजची स्वतःची फाइल आहे. पुष्कळदा दुसऱ्याने केलेला घोळ तिथे येऊन फुटतो, त्यामुळे तेवढ्यावरून विंडोजला दोष देऊ नये. 'एनव्हीओजीएल'ने सुरू होणारे नाव म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा भाग. प्लग-इनची खिडकी उघडताक्षणी सगळे कोसळते ते बहुधा इथून. ड्रायव्हर अद्ययावत करावा किंवा प्लग-इनच्या सेटिंगमध्ये ओपनजीएल, जीपीयू असे ग्राफिक्सचे काही असेल तर ते बंद करावे. एक्सेप्शन कोडसमोर सी००००००५ असेल तर त्याचा अर्थ, कुणीतरी आपली नसलेली मेमरी वाचायला किंवा लिहायला गेले. हा कोड प्लग-इनच्या चुकीत नेहमी भेटतो. तरीही एका नोंदीवर निकाल देऊ नये. तीन क्रॅशच्या तीन नोंदी पाहाव्यात. तिन्हींत एकच नाव आले तर शंका उरत नाही.

मॅकवर हेच काम कन्सोल ॲपमधल्या क्रॅश रिपोर्ट्समध्ये होते. अहवाल लांबलचक असतो. 'क्रॅश्ड' अशी खूण असलेला थ्रेड (प्रोग्रॅममधल्या एका कामाची साखळी) शोधून त्याखालच्या पहिल्या पाच-सात ओळींतली नावे वाचली तरी भागते.

नोंदीतून काही निघाले नाही तर अर्ध्या-अर्ध्याची पद्धत. सॉफ्टवेअर बंद करून प्लग-इनच्या अर्ध्या फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवाव्यात. हलवाव्यात, पुसू नयेत. व्हीएसटी३, म्हणजे नव्या पिढीच्या व्हीएसटीच्या फाइल, विंडोजवर सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समधल्या कॉमन फाइल्समध्ये असतात. मॅकवर लायब्ररी, ऑडिओ, प्लग-इन्स या वाटेने जावे, आणि मॅकमध्ये अशा दोन लायब्ऱ्या असतात, एक सगळ्या यंत्राची आणि एक वापरणाऱ्याची, हे विसरू नये. बिघाड थांबला तर दोषी हलवलेल्या अर्ध्यात, नाही थांबला तर उरलेल्यात. मग त्या अर्ध्याचे अर्धे. दोनशे प्लग-इन असले तरी आठ फेऱ्यांत आपण एकावर येतो. एकेक काढून बघत बसणाऱ्याची रात्र जाते. अपवाद एक: वेव्हज या कंपनीचे ढीगभर प्लग-इन वेव्हशेल नावाच्या मोजक्या फाइलींतून चालतात, तिथे एक फाइल हलवली की सगळा कबिला हलतो.

प्रोजेक्टच उघडत नसेल तर गाणे गेले असे समजून रडू नये. रीपरच्या ओपनच्या खिडकीत सगळे इफेक्ट ऑफलाइन ठेवून उघडण्याची चौकट असते. लॉजिक सुरू होताना कंट्रोल दाबून धरले की कोअर ऑडिओ (मॅकची आवाजाची यंत्रणा) चालू करायचा का, असे ते विचारते, नको म्हणावे. क्यूबेस सुरू होताना विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट एकत्र दाबून धरावे, म्हणजे सेफ मोड (अडचणीत सुरू करायची सुरक्षित पद्धत) मिळतो. प्रोजेक्ट उघडला की आधी नवे नाव देऊन साठवावा, मग संशयित प्लग-इन काढावे. जुन्या फाइलवर साठवून घोटाळा करू नये.

दोषी सापडला, पण त्याच्यावाचून गाण्याचा आवाजच बनत नाही, असेही होते. अशा वेळी त्याला वेगळ्या खोलीत, वेगळ्या मीटरवर ठेवावे. रीपरमध्ये प्लग-इनच्या यादीत त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज'मध्ये वेगळी प्रोसेस निवडता येते. बिटविगमध्ये प्रत्येक प्लग-इन वा प्रत्येक कंपनी वेगळी चालवायची सोय सेटिंग्जमध्येच आहे. एफएलमध्ये रॅपरच्या, म्हणजे प्लग-इनभोवतीच्या वेष्टनाच्या, सेटिंगमध्ये 'मेक ब्रिज्ड' आहे. मग ते कोसळले तरी फक्त त्याचा आवाज जातो, प्रोजेक्ट उभा राहतो. थोडा सीपीयू जास्त लागतो आणि खिडक्या कधी कधी मागेपुढे होतात. तेवढे चालवून घ्यावे. एफएल वापरणाऱ्यांनी त्याच रॅपरमधले 'यूज फिक्स्ड साइझ बफर्स' आधी करून पाहावे. एफएल प्लग-इनला दर वेळी सारख्याच लांबीचा बफर देत नाही, आणि काही प्लग-इन तो सारखाच येणार असे धरून लिहिलेले असतात. या एका टिकने कितीतरी तडतडी आणि क्रॅश थांबतात.

मॅक बदललेल्यांसाठी दोन गोष्टी. २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएसपासून जुन्या ३२ बिट पद्धतीचे काही चालत नाही. आणि २०२० मध्ये ॲपलची स्वतःची एम१ चिप आल्यापासून जुने, इंटेल चिपसाठी लिहिलेले प्लग-इन बहुतेक सॉफ्टवेअरना थेट दिसतच नाहीत. सॉफ्टवेअरच्या 'गेट इन्फो'मध्ये रोझेटाची (इंटेलचे प्रोग्रॅम नव्या चिपवर चालवणाऱ्या दुभाष्याची) टिक केली की दिसतात, पण रोझेटा कायम राहणार नाही. ॲपलने मॅकओएस २७ पर्यंतचीच हमी दिली आहे. जुन्या व्हीएसटी२ चेही तसेच. व्हीएसटी३ येऊन १५ वर्षांहून अधिक काळ झाला (ते २००८ चे), आणि स्टाइनबर्गने २०१८ मध्ये व्हीएसटी२ बनवायचे साहित्य देणे थांबवले. एकाच प्लग-इनच्या दोन्ही जाती यंत्रात असतील तर नवे काम व्हीएसटी३ वर करावे. जुनी मात्र उडवू नये, गेल्या वर्षीचे प्रोजेक्ट तिलाच शोधतात.

क्रॅक केलेल्या प्लग-इनबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. परवान्याची तपासणी कापून काढलेली फाइल ही मुळात दुखावलेली फाइल. ती दहाव्या मिनिटाला पडेल की निर्यात करताना, सांगता येत नाही. अँटीव्हायरसने तिचा एखादा तुकडा उचलून नेला तर प्रोजेक्ट उघडतानाच पडते. आणि कंपनीकडे दादही मागता येत नाही. रीपरसोबत येणारे फुकटचे ईक्यू (स्वरांची जाडी-बारीकी जुळवणारे) आणि कंप्रेसर मंडळाच्या गाण्याला पुरून उरतात, हे कुणाला पटो न पटो.

फॉरमॅट मारायचाच असेल तर त्याआधी प्रत्येक कंपनीच्या खात्यात जाऊन परवाना त्या यंत्रावरून मोकळा करावा. पुष्कळ परवान्यांना यंत्रांची संख्या ठरलेली असते. डिस्क पुसल्यावर जुन्या यंत्राची जागा अडकून राहते आणि नव्यात घालायला परवाना उरत नाही. दुरुस्तीवाल्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याला असायला हवे.

शेवटच्या आठवड्यात काही अद्ययावत करू नये, ना विंडोज, ना प्लग-इन. इन्स्टॉलर पुसू नयेत. प्रोसेसरला जड जाणारी वाद्ये जमली की लगेच फ्रीझ करावीत (प्लग-इन थांबवून त्याचा तयार आवाज वापरावा) किंवा ऑडिओत उतरवावीत. ढोल कळव्यात रेकॉर्ड होऊन मिक्स वाशीला जात असेल, तर प्रोजेक्टची फाइल पाठवून समोरच्याला कोड्यात टाकू नये. प्रत्येक ट्रॅकची २४ बिटची वेव्ह फाइल, सगळ्या एकाच शून्यापासून सुरू होणाऱ्या, एक कोरी आणि एक इफेक्टसह, अशी पाठवावी, सोबत गाण्याचा टेम्पो लिहावा. मग त्याच्याकडे कुठले प्लग-इन आहे आणि कुठले नाही, हा प्रश्नच उरत नाही.

प्लग-इन बनवणाऱ्या कंपनीला कळवताना 'तुमचे प्लग-इन चालत नाही' एवढेच लिहिले तर उत्तर यायला उशीर होतो. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये एकच ट्रॅक, त्यावर तेच एक प्लग-इन, बफर १२८ वरून १०२४ वर न्या, खिडकी दहा वेळा उघडा-मिटा, साठवून पुन्हा उघडा, निर्यात करा. यातल्या कुठल्या पायरीला पडते ते लिहावे, सोबत प्लग-इन, सॉफ्टवेअर आणि विंडोज वा मॅकओएस यांचे पूर्ण आवृत्ती क्रमांक आणि वर सांगितलेली क्रॅशची नोंद जोडावी.

— एक ध्वनिमुद्रक, कोपरखैरणे, नवी मुंबई