बंडूला पाणी शिकवणाऱ्या काकांना अनावृत आभारपत्र

नाशिक

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला, की तुम्ही लगेच "कुत्र्याला पाणी पाजलं का?" असे विचारून विषय बदलता. गेल्या दहा महिन्यांत हे इतक्या वेळा घडले आहे, की शेवटी हे पत्र अनावृतच लिहावे, म्हणजे तुम्हाला ते चार माणसांच्या देखत ऐकून घ्यावे लागेल, असे मी ठरवले. माझ्या कुत्र्याला, बंडूला, शिकवण्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. दिवाळीला नेलेला मिठाईचा डबाही अर्धा परत दिलात. तुम्ही माझ्याकडून आपणहून मागितल्या त्या फक्त तीन जुन्या गोण्या आणि सुतळीचा एक गुंडा, आणि त्यांचेही पुढे बंडूचेच सामान झाले.

आपली ओळख ज्या प्रसंगाने झाली तो सांगताना आजही मला संकोच वाटतो. मे महिन्यात पिंपळगावजवळच्या मामांच्या द्राक्षबागेत गेले असताना, पाच महिन्यांच्या बंडूला पोहता येते का हे पाहावे, एवढ्याच हौसेने मी शेततळ्यात चेंडू फेकला होता. लॅब्राडॉर आहे, पोहणारच, अशी माझी खात्री होती आणि तो पोहलाही. चेंडू तोंडात धरून काठापर्यंत आला आणि तिथेच अडकला, कारण तळ्याच्या उतारावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर त्याचे पुढचे पाय टेकले, की घसरून तो पुन्हा पाण्यात जात होता. चौथ्या-पाचव्या वेळी त्याने चेंडू सोडून दिला. मी चपला काढून उताराकडे निघाले, तेव्हा शेजारच्या मळ्यातून "तिथंच थांब, नाहीतर दोघं जाल" असा तुमचा आवाज आला. बांबूच्या शिडीला गोणपाट गुंडाळून, ती कुंपणाच्या खांबाला दोराने बांधून, वयाची सत्तरी ओलांडलेले तुम्ही स्वतः खाली उतरलात आणि ओलेकच्च पिल्लू खांद्यावर घेऊन वर आलात. त्याच्या नखांचा ओरखडा तुमच्या डाव्या दंडावर अजून आहे. कुत्रे पुसून कोरडे होईपर्यंत तुम्ही मला एक शब्दही बोलला नाहीत. नंतर म्हणालात, "पोहता येतं म्हणजे बाहेर येता येतं असं नाही, पोरी. पाण्यात घालायच्या आधी बाहेर यायची वाट बघायची." नाशिक जिल्ह्यात शेततळी गावोगावी आहेत आणि कुत्री पाळणारी माणसेही वाढली आहेत, म्हणून तुमचे हे वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवते.

त्याच दिवशी मी तुम्हाला माझे खूळ सांगितले. परदेशात लॅब्राडॉरला बदकांच्या शिकारीच्या पहिल्या हंगामासाठी कसे तयार करतात, याबद्दल मी भरपूर वाचले होते, आणि बंडूलाही तसेच शिकवावे असे माझ्या मनात होते. तुम्ही हसाल असे वाटले होते. तुम्ही हसला नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला कसा आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची उरलीसुरली वाटही कशी बंद झाली, हे तुम्ही मला नीट समजावलेत. मग स्वतःच्या लहानपणाची जी गोष्ट सांगितलीत, ती ऐकल्यापासून या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, त्या पाणथळीवर शहरातून बंदुका घेऊन मंडळी येत, आणि पडलेली बदके आणून देण्याचे काम तुम्ही, दहा-अकरा वर्षांचा मुलगा, पौषातल्या पहाटे पोहत जाऊन, चार आण्यांसाठी करत होता. "कुत्र्याचं काम मी केलंय" हे तुम्ही ज्या सहजतेने म्हणालात, ते मला विसरता येत नाही. मेलेले बदक तरंगते आणि सापडते. जखमी मात्र बुडी मारते, तळाच्या पाणवनस्पतीला चोचीने धरून राहते, आणि पायांनी चाचपडत हिंडणाऱ्या पोराच्या हाती क्वचितच लागते, हेही तुम्ही सांगितलेत. पाण्यातून पक्षी आणणाऱ्या कुत्र्याला शिकारी लोक एवढे का मानतात, हे वाचून मला जेवढे कळले नव्हते तेवढे त्या एका वर्णनाने कळले. तेच नांदूर मध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरले. बंडूला घेऊन त्या बाजूला फिरकायचेही नाही, ही तुमची पहिली अट होती. दुसरी अट अशी, की काम सगळे शिकवायचे, पण पक्ष्याच्या जागी गोणपाटाची डमी.

लष्कराच्या श्वानपथकात तुमची उमेदीची वर्षे गेली, म्हणून तुम्ही कडक असाल असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात पहिला महिनाभर तुम्ही बंडूला काहीच आणू दिले नाही. त्याचे दुधाचे दात पडत होते, हिरड्या दुखत होत्या, आणि अशा वेळी तोंडात धरलेली वस्तू ही दुखण्याची वस्तू ठरली तर पुढे कुत्रा ती उचलायलाच कंटाळतो, असे तुमचे म्हणणे होते. मी त्याच्याशी रोज दोरीची ओढाओढी खेळत असे. तीही तुम्ही बंद केलीत. ओढाओढीची सवय लागलेला कुत्रा वस्तू आवळून धरतो, आणि आपल्याला तर तोंड असे मऊ हवे, की त्यातून अंडेही न फुटता यावे. बंडू माझी चप्पल घेऊन पळाला की मी त्याच्यामागे धावत असे. "तू उलटी पळ," असे तुम्ही सांगितलेत, आणि खरोखरच मी पाठ फिरवून पळाले तेव्हा तो चपलेसकट माझ्यामागे आला. इतकी साधी गोष्ट मला पुस्तकांतून उमगली नव्हती.

दात येऊन झाल्यावर गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमधल्या पॅसेजची सगळी दारे लावून घेऊन मोज्यांची गुंडाळी फेकायची, म्हणजे पिल्लाला परत येण्यावाचून दुसरी वाटच उरत नाही, आणि तीन वेळा झाले की, त्याला आणखी हवे असतानाच थांबायचे, हा तुमचा गृहपाठ आम्ही दीड महिना केला. तीनच का, असे मी विचारले होते. पोटभर जेवलेला माणूस पंगतीत पुन्हा बसत नाही, असे तुमचे उत्तर होते.

माझ्या दृष्टीने तुमच्या शिकवणीचा गाभा मात्र त्यापुढे आला, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिल्यावाचून मला राहवत नाही. कुत्र्याला आणायला शिकवायचे म्हणजे जास्तीत जास्त वेळा फेकायचे आणि आणवायचे, अशी माझी कल्पना होती. तुम्ही दहा डमी फेकायला लावायचात, बंडूला माझ्या डाव्या पायाशी बसवून ठेवायचात, आणि त्यातल्या आठ मला स्वतःला चालत जाऊन उचलून आणायला लावायचात. पहिल्या दिवशी मला हा माझाच अपमान वाटला, मळ्यातली माणसे बांधावर उभी राहून पाहत होती आणि त्यांच्यातल्या एकाने "कुत्रं कोण आहे यातलं?" असे विचारलेही. पण फेकलेली प्रत्येक वस्तू आपली नसते, हे बंडूला त्याच दोन आठवड्यांत कळले. आधी तो डमी हवेत असतानाच उधळायचा आणि लांब दोरीला हिसका बसून थांबायचा. मग तो नुसता उठून उभा राहू लागला. मग बसूनच थरथरू लागला. आणि एके दिवशी डमी जिथे पडली त्या जागेकडे एकटक पाहत, शेपूटसुद्धा न हलवता, माझ्या "आण" या शब्दाची वाट पाहत राहिला. त्या दिवशी तुम्ही मला एकही डमी उचलू दिली नाहीत. दहाच्या दहा त्याला दिल्यात, आणि तीनचा नियमही मोडलात.

शिट्टीचे धडे लवकर आटोपले. एक लांब शिट्टी म्हणजे असशील तिथे बस, तुटक शिट्ट्या म्हणजे परत ये, आणि मग हाताने डावीकडे, उजवीकडे, मागे. बंडूपेक्षा माझाच हात अधिक वेळा चुकला, हे तुम्ही कुणाला सांगितले नाहीत, म्हणून मीच सांगते.

पाण्याशी त्याची पुन्हा ओळख करून देताना तुम्ही जी घाई केली नाही, त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. शेततळ्याच्या त्या प्रसंगानंतर बंडू डबक्यालाही वळसा घालून जात असे. पावसाळा संपल्यावर, पाणी अजून गार पडलेले नसताना, मंद उताराच्या काठाचा एक पाझर तलाव तुम्ही निवडलात आणि पहिले दोन रविवार डमी सोबत आणलीच नाही. धोतर खोचून गुडघाभर पाण्यात तुम्ही नुसते उभे राहिलात, गुळाचा खडा चघळत, कुत्र्याकडे न पाहता. तिसऱ्या रविवारी तो आपणहून तुमच्या मागे आला. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची जाळी आणि मासे ओढणाऱ्या कुत्र्यांचा हा वंशज, बोटांमध्ये पडदे आणि वल्ह्यासारखी जाड शेपूट घेऊन जन्मलेला, आणि त्याला पाणी परत मिळवून द्यायला निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला तीन रविवार भिजावे लागले. दर वेळी बाहेर आल्यावर कान आतून कोरडे करायचे, अंगावर गोचीड आहे का ते बोटांनी चाचपून पाहायचे, आणि वर्षाचा होईपर्यंत त्याला मोटारसायकलमागे पळवायचे नाही, हे नियम आमच्या घरात आता फ्रिजवर लावलेले आहेत.

आवाजाची तालीम तुम्ही दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू केलीत. बंडू जेवत असताना शंभर पावलांवरून दोन फळ्या एकमेकींवर आपटायच्या, त्याने मान वर केली नाही तर दुसऱ्या दिवशी दहा पावले जवळ यायचे, आणि मान वर केली तर मागे जायचे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या सोसायटीत फटाक्यांची माळ लागली तेव्हा तो पलंगाखाली गेला, हे खरे आहे. पण ताटली पुढे सरकवल्यावर तिथेच जेवला. शेजाऱ्यांचा कुत्रा दोन दिवस उपाशी होता.

आणि मग थंडी आली. इंग्लंडमध्ये अंतर्भागातल्या पाणपक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी असा असतो, आणि पहिल्या हंगामात मालकाने स्वतःची बंदूक घरी ठेवून फक्त कुत्र्याकडे लक्ष द्यावे, असा सल्ला तिथले जाणकार देतात, हे मी तुम्हाला वाचून दाखवले होते. तुम्ही क्षणभर विचार करून म्हणालात, "मग तू मोबाइल घरी ठेव." त्यामुळे बंडूच्या पहिल्या हंगामाचे एकही चित्रण माझ्याकडे नाही, आणि जे काही आहे ते या पत्रात आहे.

डिसेंबरात, निफाडचा पारा खाली उतरल्याच्या बातम्या येत होत्या त्या दिवसांत, आपण पहाटे सहाला पाझर तलावावर जात होतो. तुमचा नियम असा, की पाण्यावर पक्षी असतील तर आल्या पावली परतायचे, कारण ते हजारो कोसांवरून पोटासाठी येतात आणि आपण नुसत्या हौसेसाठी. पहिल्या पाच पहाटांपैकी तीन पहाटा आपण अशाच परतलो. एकदा थापट्या बदकांसाठी, दोनदा वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांसाठी. मी गाडीत बसून चरफडले, हे तुमच्या लक्षात आले असेलच. सहाव्या पहाटे पाणी रिकामे होते. तुम्ही रंगवलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या बदकांसारख्या पाण्यावर सोडल्यात, म्हणजे त्यांना न शिवता त्यांच्यामधून जायला बंडू शिकेल, आणि डमी त्यांच्यापलीकडे भिरकावलीत. मी "आण" म्हणण्यासाठी तोंड उघडले तोच धुक्यातून पंखांचा आवाज आला आणि हळदीकुंकू बदकांची एक जोडी, चोचीच्या टोकाचा पिवळा रंग दिसावा इतकी जवळ, त्या बाटल्यांच्या शेजारी उतरली.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. शिट्टी माझ्या ओठांशी होती आणि ती वाजवायची की नाही, हे मला कळत नव्हते. बंडू थरथरत होता; त्याच्या घशातून बारीक आवाज येत होता; पण तो बसून राहिला. पाच मिनिटे गेली असतील, कदाचित दहा. बदके आपली आपण उडाली, धुक्यात गेली, आणि त्यानंतरही तुम्ही आणखी थोडा वेळ जाऊ दिलात. मग मान हलवलीत. बंडू गेला, बाटल्यांमधून वाट काढत गेला, डमी घेऊन आला आणि माझ्या हातात देईपर्यंत त्याने अंगही झटकले नाही. तुम्ही पाठ वळवून शेकोटीसाठी काटक्या गोळा करायला लागलात. तुमचे डोळे ओले होते की धुराने चुरचुरत होते, हे मी विचारले नाही. पण शेकोटी तोवर पेटलेली नव्हती, एवढे मला आठवते.

काका, त्या तीन गोण्यांपैकी शेवटचीही आता फाटली आहे. तुम्ही घातलेल्या शिवणीसारखीच शिवण घालण्याचा मी प्रयत्न केला, पण आतली बाटली एका बाजूला सरकते आणि डमी पाण्यावर तिरकी तरंगते. येत्या रविवारी दाभण आणि सुतळी घेऊन येते. अर्धा तास काढून ठेवावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
बंडूच्या घरची