परदेशी पत्राला वेगळे तिकीट लागत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशी पाठवायच्या पत्रावर आपली नेहमीची टपाल तिकिटे चालतात की नाही, याबद्दल खुद्द पोस्टाच्या खिडकीवरच गोंधळ असावा याचे नवल वाटते. उपनगरातल्या एका पोस्टात मला नुकतेच ऐकवण्यात आले, "ही इंडियाची तिकिटं आहेत, फॉरेनला नाही चालणार. जीपीओला जा." (जीपीओ म्हणजे मुंबईचे मुख्य टपाल कार्यालय.) रांगेत मागे उभ्या असलेल्या काकांनीही, "तिथे स्पेशल तिकिटं मिळतात हो," म्हणून दुजोरा दिला.

असली स्पेशल तिकिटे अस्तित्वातच नाहीत. आपल्याकडे परदेशासाठी निराळे तिकीट छापत नाहीत. १९२६ पासून आपली तिकिटे नाशिकरोडला छापली जातात, त्याआधी ती लंडनहून छापून यायची. आजही तिकिटावर 'भारत' आणि 'इंडिया' अशी दोन्ही नावे असतात, आणि तेच तिकीट चिपळूणच्या पत्राला लागते तसे शिकागोच्याही. फरक असतो तो बेरजेत. देशातल्या देशात २० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला पाच रुपये पुरतात. परदेशाचा दर त्याच्या कितीतरी पट असतो. तेवढी बेरीज भरेल इतकी तिकिटे लावली की झाले. पावतीवर लावायची रेव्हेन्यू तिकिटे आणि सरकारी कचेऱ्यांची सेवा तिकिटे मात्र यात धरत नाहीत. बेरीज कमी पडली, तर पाकिटावर 'टी'चा शिक्का बसून उरलेले पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल होऊ शकतात, नाहीतर पाकीट फिरून आपल्याच दारात.

भारताचे तिकीट परदेशात मानले जाते ते जागतिक टपाल संघामुळे. १८७४ साली बर्न येथे झालेल्या करारातून तो उभा राहिला आणि १८७६ मध्ये भारत त्यात आला. त्यापूर्वी देशादेशांत सुटे करार असत आणि पत्र ज्या वाटेने जाईल तिथले हिशेब निराळे. नव्या व्यवस्थेत पैसे घेणार तो पाठवणारा देश, आणि पोहोचवायचे काम समोरच्याचे. (पत्रे वाटण्याचा खर्च समोरच्या देशाला देण्याची पद्धत पुढे १९६९ मध्ये ठरली.) म्हणूनच उलटे चालत नाही. उत्तर यावे म्हणून पाकिटात भारतीय तिकिटे लावलेले दुसरे पाकीट ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. अमेरिकेच्या पेटीत त्या तिकिटांची किंमत शून्य.

आता खरी अडचण सांगते. छोट्या पोस्टात बहुतेकदा पाच रुपयांचीच तिकिटे शिल्लक असतात. ती एकमेकांवर न चढवता पत्त्याच्या बाजूला बसवायची, तर पाकिटाचा उजवा कोपरा भरून तिकिटे पत्त्यावर येतात. त्यात मुंबईचा पावसाळा. तिकिटे घरातल्या खणात एकमेकांना घट्ट चिकटून बसतात, आणि पाकिटावर लावायला जावे तर कडा उचलतात. मग पोस्टातल्या टेबलावरचा डिंक शोधायचा, तो वाळून खडा झालेला. पाकिटावर देशाचे नाव शेवटच्या ओळीत मोठ्या रोमन अक्षरांत लिहिले की बाकीचे काम पोस्टाचे. राखी घातली असेल तर ते नुसते पत्र राहत नाही, वस्तू होते आणि सीमाशुल्काचा फॉर्म लागतो, हेही रक्षाबंधनाच्या आधी कुणीतरी सांगायला हवे.

कर्मचाऱ्यांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. हल्ली खिडकीवर बारकोडची चिठ्ठी छापून चिकटवली जाते, तिकिटे हाताळण्याची सवयच गेली. पण मग दर लिहिलेला मराठी फलक तरी प्रत्येक पोस्टात हवा: कोणत्या देशाला किती ग्रॅमला किती रुपये, आणि 'साधी टपाल तिकिटे चालतात' ही एक ओळ. सोबत जास्त किमतीची तिकिटे छोट्या पोस्टांतही ठेवावीत. १९१३ मध्ये पुरी झालेली, विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारी जीपीओची इमारत अवश्य बघायला जावे. पण एका पाकिटाला तिकीट लावण्यासाठी बोरिवली-मुलुंडच्या म्हाताऱ्या माणसांना लोकलच्या गर्दीतून तिथवर पाठवणे बंद व्हावे, एवढीच टपाल खात्याला विनंती.

– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई