तीन सेंटचे तिकीट

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

ठेकेदारीत मुरलेला माणूस महापौर झाला तर शहराचे भले होईल का, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराचा एकेकाळचा महापौर टॉम जॉन्सन माझ्या डोक्यात घोळतो आहे.

१८५४ साली केंटकीत जन्मलेल्या या मुलाचे घर अमेरिकेतल्या यादवी युद्धाने धुळीला मिळवले. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन गावात तेव्हा एकच आगगाडी येई. तिच्या कंडक्टरशी अकरा वर्षांच्या टॉमची गट्टी जमली आणि गाडीने येणारी वर्तमानपत्रे विकण्याचा हक्क एकट्या त्याला मिळाला. मग काय, दर तो सांगेल तो! पाच आठवड्यांत चांदीचे ८८ डॉलर त्याने गाठीला बांधले. पुढे कंडक्टर बदलला आणि धंदाही बसला. मक्तेदारीचा हा पहिला धडा त्याने पुढे ट्रामच्या धंद्यात चांगलाच गिरवला. प्रवाशाने टाकलेले नाणे काचेतून दिसेल अशी भाड्याची पेटी त्याने तयार केली, ट्राम कंपन्या घेतल्या आणि तो गब्बर झाला.

एकदा गाडीत त्याने मक्तेदारीवर टीका करणारा अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हेन्री जॉर्ज याचे पुस्तक घेतले, तेही (पुन्हा एका) कंडक्टरच्या आग्रहावरून. ज्या मक्त्यावर आपण श्रीमंत झालो तोच लोकांना नागवतो, हे त्याला पटले. धंदा मात्र त्याने लगेच सोडला नाही, आणि हे मला जरा खटकते.

१९०१ मध्ये महापौर झाल्यावर तो तंबू ठोकून सभा घेई, विरोधकांना भर सभेत प्रश्न विचारू देई. बागांतल्या ‘हिरवळीवर चालू नका’ अशा पाट्या त्याने काढून टाकल्या. खरी झुंज होती ती ट्रामचे भाडे पाच सेंटवरून तीन सेंटवर आणण्याची. कंपन्यांचे डाव त्याला आतून ठाऊक होते, कारण तेच डाव तो स्वतः खेळला होता. तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर इथेच आहे.

१९०८ मध्ये ट्राम त्याच्या बाजूच्या मंडळींच्या हाती आली खरी, पण कामगारांचा संप झाला, सार्वमत विरोधात गेले आणि १९०९ ची निवडणूकही तो हरला. १९१० च्या मार्चमध्ये तीन सेंटचे भाडे लागू झाले तेव्हा तो पदावर नव्हता. पुढच्याच वर्षी तो वारला. ब्रुकलिनमध्ये हेन्री जॉर्जशेजारी त्याला पुरले आहे, आणि क्लीव्हलँडच्या चौकातल्या पुतळ्याच्या हातातही जॉर्जचेच पुस्तक आहे.

तुझा स्नेहांकित