हाँगकाँगचं ते गाणं

संपादक साहेब, नमस्कार. रविवारच्या पुरवणीत परदेशी गाणी म्हटलं की इंग्लिशच असतात, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. हाँगकाँगच्या बियाँड बँडचं 'होई फूट तिन हूंग' कधी ऐकलंय का, म्हणजे अथांग समुद्र, मोकळं आकाश. १९९३ चं गाणं, बँडला १० वर्षं झाली तेव्हाचं, लिहिलं-गायलं वाँग का-कुईने. थंडीची रात्र, बाहेर बर्फ पडतोय अन हा माणूस म्हणतोय की मी असाच बेबंद, स्वातंत्र्यावर प्रेम करणारा, माफ करा, पण कधीतरी कोसळेन याची भीतीही वाटते. आणि त्याच वर्षी जूनमध्ये टोकियोत टीव्ही गेम शोच्या शूटिंगला हा स्टेजवरून खरंच खाली पडला आणि ३० जूनला गेला, वय फक्त ३१ हो! अंगावर काटा येतो.

मला कँटोनीज ओ का ठो कळत नाही, अर्थ शोधून वाचला, पण सुरुवातीचा तो हळू पियानो आणि मग गिटार चढते ना, तिथे भाषा लागतच नाही. २०१४ ला हाँगकाँगच्या रस्त्यांवर लोकशाहीसाठी छत्र्या घेऊन आंदोलनाला बसलेली पोरं हेच गात होती, त्यातली कित्येक १९९३ ला जन्मलीही नव्हती. यावर एखादा लेख छापा की राव.

- एक वाचक, ठाणे