छपराचे पूल

सई बेटा,

काल फोटो टाकलेत, पण फोटोत अर्धं काही कळत नाही म्हणून नीट लिहितोय, तू सिव्हिलवाली, तुला मजा येईल. आम्ही बॉस्टनहून पहाटेच व्हर्माँटला निघालो, आईला झाडं बघायची होती आणि मला तिथले छपराचे जुने लाकडी पूल. मेपल काय लालभडक झालेत म्हणून सांगू, दर वळणावर आईचं "अहो थांबा ना जरा" चालूच!

कॉर्निश-विंडसर पूल १८६६ चा, साधारण ४५० फूट, अख्खा लाकडी, कनेक्टिकट नदीत मध्ये फक्त एक पिअर, म्हणजे आधाराचा खांब, आणि आपली गाडी आरामात त्याच्यावरून गेली! तोंडाशी पाटी आहे, घोडे चालत न्या नाहीतर दोन डॉलर दंड. त्यावरून आईने लगेच मला स्पीड कमी करायला लावला.

छप्पर कशाला असं आईने विचारलं, तिला वाटलं बर्फासाठी. उलट हिवाळ्यात घसरगाड्या जाव्यात म्हणून लोक मुद्दाम आत बर्फ टाकायचे! छप्पर असतं ते ट्रससाठी, म्हणजे पुलाचा भार पेलणाऱ्या बाजूच्या लाकडी सांगाड्यासाठी. खालच्या फळ्या कुजल्या तर बदलता येतात गं, पण ट्रसमध्ये पाणी मुरलं की पंधरा-वीस वर्षांत पूलच गेला.

आत अंधार होता म्हणून मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. दोन्ही बाजूंना लाकडांची तिरकी जाळी आणि जिथे जिथे लाकडं एकमेकांवरून जातात तिथे मनगटापेक्षा बारीक लाकडी खुंट्या ठोकलेल्या. हे डिझाइन इथिएल टाउन नावाच्या आर्किटेक्टचं, १८२० चं पेटंट, ते वापरायचे फुटाला एक डॉलर घ्यायचा, आणि न विचारता बांधलात तर दोन. पक्का व्यापारी! पण त्याने मोठमोठे वासे लागणारच नाहीत अशी सोय केली, साध्या फळ्या आणि गावचे सुतार एवढ्यात काम, मला तरी हेच खरं इंजिनिअरिंग वाटतं.

मग टाफ्ट्सव्हिलला गेलो, १८३६ चा लाल पूल, सिंगल लेन, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. २०११ च्या आयरीन वादळात त्याची पार वाट लागली होती, पण सिमेंटचा नवा न बांधता त्यालाच दुरुस्त करून २०१३ ला चालू केला. आपल्याकडे असं कितीदा होतं?

तू मेमध्ये यायचं म्हणतेस, त्यापेक्षा पुढच्या ऑक्टोबरमध्येच ये, रजेचं आत्ताच बघ. आणि खुंट्यांचे फोटो झूम करून बघ, एकीवर करवतीच्या खुणा दिसतायत का सांग, आई म्हणते मला भास होतोय.

बाबा